यादीत मधुमती टिपणीस

डूव्हेची, त्या इंग्रजी रजईची, दोन टोकं चिमटीत धरून मधुमतीबाई खोळीच्या आत खांद्यापर्यंत शिरल्या होत्या, तेवढ्यात दाराची बेल वाजली. खरं तर हे काम दोन माणसांचं. एकट्यानं करायचं तर खोळ उलटी करायची, हात आत घालायचे, कोपऱ्याला कोपरा जुळवून झटकायचं, आणि मधेच सोडलं की सगळा गोळा होऊन तळाशी बसतो. जयंतराव खाली पेपर वाचत होते, पण बेल ऐकून उठणं ही गोष्ट चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्याकडे कधी आलीच नव्हती. बाईंनी सगळं पलंगावर तसंच टाकलं, केसांवरून हात फिरवला आणि जिना उतरल्या.

दारात अक्षया होती. दोन घरं सोडून राहणारी, नागपूरची. ती आणि तिचा नवरा मिहीर, दोघंही कामाच्या व्हिसावर दोन वर्षांपूर्वी लंडनच्या ईलिंगमध्ये आले होते. तिच्या हातात कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, कार्ड होतं.

"काकू, हे पोल कार्ड आलंय. मला वाटलं चुकून आलं. आमचे पासपोर्ट तर इंडियन आहेत."

मधुमतीबाईंनी तिला आत घेतलं आणि समजावून सांगितलं. चुकून नाही आलेलं. आपण कॉमनवेल्थवाले, इथे रीतसर राहत असलो की मत देता येतं. त्या आणि जयंतराव सत्त्याऐंशी साली आले तेव्हा पहिल्याच निवडणुकीला भारताचा निळा पासपोर्ट घेऊनच गेले होते. मतदान सात मेला, गुरुवारी, मराठी मंडळाचे कार्यक्रम होतात त्या हॉलमध्येच. जाताना पासपोर्ट न्यायचा, नाहीतर परत पाठवतात. आत पेन्सिल दोरीला बांधलेली असते, पेन शोधत बसायचं नाही.

इतकं सगळं इतक्या बारकाईनं ऐकल्यावर अक्षया साहजिकच म्हणाली, "मग आपण सगळे बरोबरच जाऊ ना काकू."

"मला मत नाही," मधुमतीबाई म्हणाल्या.

त्यांचा एक नेम होता. विचारणाऱ्याला एका वाक्यात सांगायचं, मऊ करून नाही आणि डोळे खाली घालून तर नाहीच. "सात वर्षांपूर्वी मी तुरुंगात होते. खोटं लिहून दिलं होतं. तुरुंगात गेलेल्याला मत नसतं."

हे वाक्य ऐकल्यावर लोक काय करतात ते बाईंना पाठ होतं. कुणाला अचानक वेळ आठवते, कुणी हातावर हात ठेवतं. अक्षयानं दोन्ही केलं नाही. ती क्षणभर विचार करून म्हणाली, "पण काकू, आता कुठे आहात तुम्ही तुरुंगात? आमच्या मावशीचे दीर आत जाऊन आले होते. सुटल्यावर मत देत होते की. नगरसेवकाला उभेसुद्धा राहिले."

"निवडून आले?"

"पडले. ते वेगळं."

बाई हसल्या. अक्षया गेल्यावर मात्र त्या परत वर गेल्या नाहीत. स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. आता कुठे आहात तुम्ही तुरुंगात, हा इतका साधा प्रश्न सात वर्षांत त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही नाही.

घडलं होतं ते असं. पुष्कर, त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा वीस वर्षांचा, केंब्रिजला शिकत होता. लायसन्स नवीन. त्यावर आधीच दंडाचे तीन पॉइंट बसलेले. नव्या ड्रायव्हरचे सहा झाले की लायसन्स जातं, आणि त्याच्या उन्हाळ्याच्या प्लेसमेंटची जागा अशी की गाडीशिवाय पोचताच येत नाही. सुट्टीला घरी आला असताना त्यानं आईची छोटी गाडी नेली आणि वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यात सापडला. गाडी मधुमतीबाईंच्या नावावर, म्हणून फॉर्म त्यांनाच आला: गाडी कोण चालवत होतं ते लिहा. बाईंनी कुणालाही न विचारता, पुष्करलाही न सांगता, स्वतःचं नाव लिहिलं. सही केली. पाकीट टाकून आल्यावर देवापुढे दिवा लावला, पण त्या दिवशी नमस्कार करताना मान नेहमीपेक्षा लवकर वर आली, हे त्यांना अजून आठवतं.

पण तारीख त्यांनी नीट पाहिलीच नाही. त्या वर्षी रामनवमी रविवारी आली होती. कॅमेऱ्याची वेळ होती दुपारी बारा वाजून चार मिनिटं. रामनवमीला बारा वाजता मधुमती टिपणीस कुठे असतात, हे पश्चिम लंडनमधल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक होतं. मंडळाच्या हॉलमध्ये, पाळण्याची दोरी हातात धरून. वीस वर्षं ती दोरी त्यांच्याच हातात होती. साठ माणसांनी त्यांना पाहिलं होतं, मंडळाच्या फेसबुकवर वेळेसकट फोटो होता, आणि कॅमेऱ्यातल्या फोटोत स्टिअरिंगमागे दाढीवाला मुलगा.

पोलिसांनी बोलावून विचारलं तेव्हा खरं सांगायची संधी होती. बाईंनी दुसऱ्यांदा तेच सांगितलं. मग पुष्करच केंब्रिजहून आला, त्यांना न कळवता पोलीस स्टेशनवर गेला आणि गाडी मी चालवत होतो म्हणून सांगून आला. त्याचं लायसन्स गेलं, प्लेसमेंट गेली. वर्षभरानं खटला उभा राहिला तेव्हा न्यायाधीशबाई शांतपणे म्हणाल्या की पहिलं खोटं घाबरून लिहिलं असेल, दुसरं ठरवून होतं. चार महिने. त्यातले दोन आत, उरलेले बाहेर देखरेखीखाली.

मधुमतीबाईंनी कधी म्हटलं नाही की अन्याय झाला. दुसरं ठरवूनच होतं. पोरानं खरं सांगितलं याचा मात्र त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "माझ्यापेक्षा तो बरा निघाला," असं त्या मंडळात भर जेवणाच्या पंगतीत म्हणाल्या होत्या. कोशिंबीर वाढणारी बाई त्यांना न वाढता तशीच पुढे सरकली होती.

आत देव नव्हते. त्या बोटांच्या पेरांवर जप करत. खोलीतली दुसरी बाई, हेज या उपनगरातली डेनिस, पहिल्याच दिवशी विचारती झाली की किती दिवस उरले ते मोजतेयस का. नाही, देवाचं नाव घेतेय म्हटल्यावर डेनिस म्हणाली, मग माझेही थोडे घे, मला वेळ नसतो. त्या मेमध्ये बाहेर कसली तरी निवडणूक होती. जेवणाच्या रांगेत कुणीतरी विचारलं तेव्हा पहाऱ्यावरची बाई म्हणाली, तुम्हाला नाही मत, बायांनो. रांग हसली. डेनिस नाही हसली. तिच्या मुलाच्या शाळेचं छप्पर गळत होतं आणि कौन्सिलच्या माणसाला एकदा दारात उभं करून विचारायचं तिच्या मनात होतं. "आता कोण ऐकणार माझं," एवढंच ती म्हणाली, आणि मधुमतीबाईंनी ते वाक्य स्वतःसाठीही धरून ठेवलं. बाहेर येताना ते दारात टाकून यायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर मंडळात उघडपणे कुणी काही बोललं नाही. फक्त त्या वर्षी नैवेद्याच्या पाळ्यांची यादी आली त्यात त्यांचं नाव नव्हतं. मंडळाची सेक्रेटरी सुनीती म्हणाली, तुम्हाला जरा विश्रांती. पाळण्याची दोरी दुसरीच्या हातात गेली. यंदाच्या रामनवमीलाही, आत्ता पंधरा दिवसांपूर्वी, त्या मागच्या रांगेत बसल्या, सुंठवडा घेतला आणि घरी आल्या. त्यांनी भांडण केलं नाही. बाहेर आल्यापासून देवानं त्यांना देव्हाऱ्यापासून एक दिवसही लांब ठेवलं नव्हतं. माणसांशी वाद घालायची त्यांना तेव्हा ताकद नव्हती.

आज होती. त्यांनी कौन्सिलचा नंबर शोधला आणि फोन लावला.

बराच वेळ गाणं वाजलं. मग एक दमलेली पण गोड बाई आली. मधुमतीबाईंनी नाव, पत्ता सांगितला आणि आपलं ते एक वाक्य इंग्रजीत म्हटलं.

"आत्ता तुरुंगात आहात का, लव्ह?"

"मी किचनमध्ये आहे."

"मग तुम्हाला मत आहे. शिक्षा भोगत आत असेपर्यंतच नसतं. तुम्ही बाहेर पडलात त्या दिवसापासून आहे."

पलीकडे कीबोर्डची टकटक चालू होती. मग ती बाई जरा अडखळत म्हणाली की यादीत मात्र तुमचं नाव नाही. एकोणीस सालच्या शरदात घरातल्या मतदारांचा फॉर्म भरून आला, त्यात तुमच्या नावावर रेघ होती. म्हणजे या पत्त्यावर आता राहत नाही. आम्ही तुमच्या नावानं दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही, म्हणून नाव काढलं. वीस एप्रिलच्या मध्यरात्रीच्या आत पुन्हा नोंदवलं तर सात मेला मत देता येईल.

फोन ठेवल्यावर मधुमतीबाईंनी स्वयंपाकघरावरून नजर फिरवली. मिसळणाचा डबा, भिजत घातलेले मूग, खिडकीतली तुळस जिला त्या हिवाळाभर दिव्याखाली ठेवून जगवत. कागदोपत्री सात वर्षं हे सगळं कुणी करतच नव्हतं.

त्या बाहेरच्या खोलीत गेल्या.

"अहो, वर चला. डूव्हे धरायचाय."

जयंतराव पेपर घडी करून मुकाट्यानं आले. निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं ट्रेन बदलत क्रॉयडनच्या ऑफिसात गेलेला माणूस. एकही दिवस उशीर नाही, एकही कागद अपुरा नाही. त्या एका फॉर्मच्या प्रकरणानंतर तर घरात आलेला कुठलाही कागद ते चष्मा पुसून तीनदा वाचत. बॉयलरच्या गॅरंटीवर सही करायला त्यांना दोन दिवस लागले होते.

"हे टोक धरा. घट्ट," बाई म्हणाल्या. "एकोणीस साली कौन्सिलचा फॉर्म तुम्ही भरला होता?"

जयंतरावांनी टोक धरलं. मग त्यांनी सांगितलं. पेपरात वाचलं होतं की कैद्यांना मत नसतं. फॉर्मवर छापलेलं की नावं तपासा, नसावीत ती खोडा, चुकीची माहिती देणं गुन्हा आहे. तुरुंगात जाऊन आलेली, असा रकानाच नव्हता. म्हणून त्यांनी पट्टी ठेवून रेघ मारली. नंतरची पत्रं वरच्या ड्रॉवरमध्ये, बॉयलरच्या कागदांखाली होती. उघडलेली नव्हती.

"कुणाला विचारायचं होतं."

"कुणाला विचारू, मधू? मला परत तुला न्यायला कुणी आलेलं बघायचं नव्हतं."

हे त्यांनी डूव्हेकडे बघत म्हटलं. मधुमतीबाईंना ते पोचलं. त्या दोन महिन्यांत हा माणूस दर भेटीच्या दिवशी अर्धा तास आधी येऊन बाहेर उभा राहायचा हे त्यांना माहीत होतं. पण पोचलं म्हणून आज त्या गप्प बसणार नव्हत्या.

"जजनं मला चार महिने दिले. ते मी भोगले. ही सात वर्षं कुणी दिली?"

जयंतराव हातातलं टोक चाचपत राहिले.

"आणि मी इथे राहत नाही असं तुम्ही सहीनिशी लिहून दिलंत. मग सात वर्षं तुम्हाला वरणभात कोण वाढत होतं? शेजारीण? खोट्या फॉर्मला मला चार महिने झाले, टिपणीस. तुम्हाला किती व्हावेत?"

खोळीत डूव्हे सरळ बसला. दोघांनी तो झटकला, पलंगावर पसरला. जयंतराव उशी उगाच नीट करत राहिले. मग म्हणाले की घाई नको, पुष्करला विचारू, त्याच्या ओळखीत वकील आहे. नाहीतर पोस्टानं मत दे. घरी बसून, पाकिटात. हॉलमध्ये सगळी मंडळी असतात, सुनीती तर तिथे टेबलावरच बसते कौन्सिलच्या कामाला. उगीच चर्चा.

"पाकिटात नाही," मधुमतीबाई म्हणाल्या. "पायांनी चालत जाणार मी. दिवसाढवळ्या."

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर त्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसल्या. नाव, पत्ता, जन्मतारीख, नॅशनल इन्शुरन्स नंबर, जो त्यांना जपाच्या माळेइतका पाठ होता. सगळं पाच मिनिटांत झालं. शेवटी एक ओळ होती: वर दिलेली माहिती खरी आहे, खोटी असल्यास शिक्षा होऊ शकते. ही ओळ बाकी लोक वाचत नाहीत. मधुमतीबाईंनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि उठून देव्हाऱ्यापाशी गेल्या. पितळेचा बाळकृष्ण एक पाय दुमडून नेहमीसारखा रांगत होता. त्याला त्यांनी काही मागितलं नाही. मी इथे राहते, एवढंच सांगितलं. मग परत येऊन त्यांनी बटण दाबलं.

संध्याकाळी पुष्करचा फोन आला. बाबांनी त्याला सगळं सांगितलं होतं. तो आता केंब्रिजलाच संशोधन करत होता, झाडांच्या मुळांवर. त्याचं मराठी घरातलं, जन्म लंडनचा, आणि मन भरून आलं की व्याकरण अजूनच सुटायचं.

"आई, पाच इलेक्शन्स गेली तुझी. माझ्यामुळे गेला ते सगळा."

"तुझ्यामुळे नाही. माझ्या सहीमुळे दोन महिने गेले. बाकीची वर्षं अज्ञानामुळे."

"मी येतो त्या दिवशी. तुझ्याबरोबर उभा राहतो लाइनमध्ये."

"तू कशाला? तुमच्याकडेही आहे ना मतदान? तू तुझं कर तिथे. मला धरून न्यायला मी काय म्हातारी झालेय?"

"सिक्स्टी-सेव्हन, आई."

"फुकट बसचा फ्रीडम पास मिळाला एवढंच झालंय. ठेव फोन, कुकर झाला."

वीस तारखेच्या आधीच कौन्सिलचं पत्र आलं. जयंतरावांनीच ते दारातून उचललं आणि न उघडता त्यांच्या हातात दिलं. बाईंनी पोळी तव्यावर असतानाच ते फोडलं. नाव यादीत होतं. पत्र त्यांनी फ्रिजवर लावलं, कॅलेंडरच्या शेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. जयंतराव पाणी घ्यायला आले की ते वाचायचे. एकदा बाईंनी विचारलं, काय सापडलं का चुकीचं? ते म्हणाले, नाही, बरोबर आहे सगळं.

सात मेला गुरुवार, बाईंचा उपास. सकाळची पूजा, जयंतरावांचं जेवण, मागचं आवरणं, आणि दुपारी अडीचला त्या तयार झाल्या. साडी नेसल्या. रामनवमीला राखून ठेवलेली, पाळण्याची दोरी धरताना नेसायच्या ती, मोरपंखी. कपाटात ती सात वर्षं घडी मोडून पुन्हा घातली जात होती. वर कोट, पायात चालायचे बूट. जयंतराव आपणहून कोट घालून दारात उभे होते. अक्षयानं मिहीरला कामावरून अर्धा तास सोडवून आणलं होतं. चौघं चालत निघाले.

हॉलच्या दाराशी मतदान केंद्राची पाटी होती. आत तीच लाकडी जमीन, तोच भिंतीवरचा हीटर ज्याच्याजवळ म्हाताऱ्या बायका जागा पकडतात. पाळणा टांगतात त्या जागी आज पुठ्ठ्याचे आडोसे लावलेले. समोर टेबल. टेबलामागे दोघं: एक उंच, चष्मेवाला इंग्रज अधिकारी, आणि शेजारी यादी व पट्टी घेऊन सुनीती.

सुनीतीचा हा ठरलेला दिवस. मतदाराचं नाव शोधायचं, नंबर आणि नाव मोठ्यानं वाचायचं, पट्टी ठेवून रेघ मारायची. अधिकारी कागद फाडून देतो. दहा वर्षं ती हे करत होती आणि उत्तम करत होती.

पुढे चार माणसं होती. ती संपली. मधुमतीबाईंनी आपला फोटो असलेला फ्रीडम पास ओळखपत्र म्हणून टेबलावर ठेवला.

सुनीतीनं पास पाहिला, मग बाईंना पाहिलं, मग साडीला. आवाज खाली घेऊन मराठीत म्हणाली, "मधुमतीताई, तुमच्या काळजीनं म्हणते हं. इथे सगळ्याचं रेकॉर्ड होतं. परत काही भानगड नको व्हायला."

"यादी बघ, सुनीती."

सुनीतीनं बोट फिरवलं. थांबलं. "नाव आहे, पण—"

"मग वाच."

"तुम्हाला चालतं का ते मी यांना विचारू का एकदा?"

"विचार. मोठ्यानं विचार, इंग्रजीत विचार, म्हणजे मागच्या रांगेलाही कळेल. कुजबुजायला मी काही चोरायला आलेली नाही."

रांगेतली माणसं बघायला लागली. त्यात मंडळातल्या दोघी होत्या. एक तर कोशिंबीर घेऊन पुढे सरकलेली तीच. सुनीतीचा चेहरा लाल झाला. ती विचारेना, तेव्हा मधुमतीबाईच अधिकाऱ्याकडे वळल्या आणि इंग्रजीत, आपल्या साध्या, पुण्याच्या शाळेतल्या इंग्रजीत, सांगून मोकळ्या झाल्या. मी सात वर्षांपूर्वी तुरुंगात होते. शिक्षा पूर्ण झाली. आता मी माझ्या घरी राहते. माझं नाव तुमच्या यादीत आहे. हा माझा पास.

अधिकाऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. पास उचलला, फोटो पाहिला, चेहरा पाहिला.

"राहतात त्या," मागून जयंतराव इंग्रजीतच म्हणाले. त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा, स्पष्ट म्हणाले, "माझ्याच पत्त्यावर राहतात. कायम राहत होत्या."

इतकं कुणी विचारलं नव्हतं. अधिकारी म्हणाला की यादीत नाव आहे, ओळख पटली, आणखी काही लागत नाही. मग सुनीतीकडे वळून, "नाव वाचता का, प्लीज?"

सुनीतीनं नंबर वाचला. तोंडातल्या तोंडात. अधिकाऱ्यानं हातातली पेन्सिल थांबवून तिच्याकडे पाहिलं. तिनं पुन्हा वाचला, आणि मग मोठ्यानं, हॉलच्या पार त्या टोकाच्या हीटरपर्यंत जाईल असं: "टिपणीस, मधुमती."

पट्टी ठेवली, रेघ मारली. या वेळची रेघ मत द्यायला आली म्हणून होती.

आडोशामागे मधुमतीबाईंनी सावकाश वेळ घेतला. वॉर्डातून तिघं निवडायची होती. महिनाभर आलेलं प्रत्येक पत्रक त्यांनी वाचलं होतं, दारात आलेल्या दोघांना उभं करून फुटपाथच्या उखडलेल्या फरशांबद्दल विचारलं होतं, आणि त्यातल्या एकाला उत्तर देता आलं नव्हतं. कुणाला द्यायचं ते पक्कं होतं. त्यांनी पेन्सिल धरली. कागदाची घडी केली, बाहेर आल्या, पेटीत टाकली.

जाता जाता त्या टेबलापाशी थांबल्या.

"सुनीती, गोकुळअष्टमीच्या नैवेद्याच्या यादीत माझं नाव घाल."

"इथे मंडळाचं बोलता येत नाही, ताई."

"मग बाहेर बोलू. पण घाल. नाही घातलंस तर मी मीटिंगला येऊन सगळ्यांसमोर स्वतः लिहीन. आणि पुढच्या रामनवमीला दोरीला मी हात लावणार आहे. कुणाची हरकत असेल तर त्यांनी उभं राहून सांगायची, असंच मोठ्यानं."

सुनीतीनं मान खाली घातली नाही. बाईंकडे बघत राहिली, जणू त्यांना बऱ्याच दिवसांनी पाहत होती. मग मागचा माणूस पुढे आला आणि ती पुढचं नाव शोधायला लागली.

बाहेर ऊन होतं. अक्षया मागून आली, म्हणाली, काकू, पेन्सिल खरंच दोरीला बांधलेली होती. मिहीर घड्याळ बघत कामावर पळाला. जयंतराव हॉलच्या भिंतीपाशी उभे राहून कोटाची बटणं लावत होते, एक चुकलं म्हणून सगळी काढून पुन्हा लावत होते. बाईंनी त्यांना ते करू दिलं.

"घरी चहा टाकू का?" जयंतरावांनी विचारलं. चहा टाकायची गोष्ट त्यांनी काढावी, हेही नवीनच होतं. "तुझा उपास, पण चहा चालतो ना?"

"चालतो. तुम्ही व्हा पुढे. आलं किसून घाला."

मधुमतीबाईंनी पर्समधून पाकीट काढलं. त्यावर हेजचा पत्ता होता, त्यांच्या रोजच्या वहीतून उतरवलेला. आत नाव नोंदवायचा कोरा फॉर्म होता आणि एक चिठ्ठी, अर्ध्या पानाची: डेनिस, आपण चुकीचं समजत होतो. तुला मत आहे. शाळेच्या छपराचं अजून विचारायचं असेल तर हा फॉर्म भर, आणि जे लिहिशील ते खरं लिही. खाली त्यांची सही, आणि त्यांचा पत्ता.

पाकिटाला स्टँप नव्हता. त्या वळल्या आणि स्टँप आणायला पोस्टाकडे निघाल्या.